पोटशूळ उठताच घोड्याला जंताचे औषध पाजू नका

सोलापूर, पंढरपूर, अकलूज या भागातील घोडेमालकांमध्ये एक मजकूर फिरत आहे. घोड्याचे पोट दुखले म्हणजे जंतच झाले, म्हणून त्याच दिवशी जंतनाशक दुप्पट मात्रेत द्यावे, तोंडातून द्यायची पेस्ट नसल्यास गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचे इंजेक्शन टोचावे आणि पुढे दर महिन्याला औषध चालू ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. हा सल्ला घोड्याच्या जिवावर बेतू शकतो.

पोट दुखले म्हणजे जंतच, हे पहिले विधान चुकीचे आहे. पोटशूळ हे लक्षण आहे आणि त्यामागे वायू धरणे, लीद अडकणे, पोटात वाळू साचणे, आतड्याला पीळ पडणे अशी अनेक कारणे असतात. आपल्याकडे ज्वारीचा कोरडा कडबा हा मुख्य चारा आहे. उन्हाळ्यात घोडा पाणी कमी प्याला किंवा दातांमुळे त्याला नीट चावता आले नाही, तर हाच कडबा मोठ्या आतड्याच्या वळणावर अडकून बसतो. जंत हेही खरे कारण आहे, ते नाकारता येणार नाही. मोठ्या स्ट्राँगाइल जंतांच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत राहून तिला इजा करतात, तर फीतकृमी लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी चिकटतात. परंतु नेमके कोणते कारण आहे, हे घोडा लोळताना पाहून कोणालाही ओळखता येत नाही.

त्याच दिवशी औषध देण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. जंतनाशकाने वेदना थांबत नाही आणि अडकलेली लीदही सुटत नाही. उलट औषध दिल्याच्या समाधानात मालक रात्रभर थांबतो आणि डॉक्टरांनी नाकातून नळी घालून जठर रिकामे करण्याची किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याची वेळ निघून जाते. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून जठरात साचलेले नळीनेच काढावे लागते, हे इथे ध्यानात घ्यावे. निरोगी मोठ्या घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. ती ६० च्या वर गेली, हिरड्यांचा रंग बदलला किंवा पोटातला आवाज बंद झाला, तर डॉक्टरांना बोलावण्यात क्षणाचाही विलंब नको. शिंगरांच्या बाबतीत धोका आणखी वेगळा आहे. त्यांच्या आतड्यात मोठे गोल जंत खूप असतील, तर औषधाने ते एकदम लुळे पडून त्यांचाच गोळा आतडे बंद करतो, म्हणजे ज्या त्रासावर औषध दिले तोच जीवघेणा होतो. लीद, भूक आणि पाणी पूर्ववत झाल्यावर औषध केव्हा व कोणते द्यायचे, हे डॉक्टरांनी ठरवावे. बाटलीने तोंडात तेल ओतण्याची जुनी सवयही सोडावी, कारण ते फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होतो.

दुप्पट मात्रेला आधार नाही. आयव्हरमेक्टिन घोड्याला तोंडावाटे किलोमागे ०.२ मिलिग्रॅम द्यायचे असते. वजनकाटा नसल्यास छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला शरीराच्या सेंटिमीटरमधल्याच लांबीने गुणून ११,८८० ने भागावे. किलोमधले अंदाजे वजन मिळते. मॉक्सिडेक्टिन या दुसऱ्या जंतनाशकाची, विशेषतः अशक्त घोड्यांना आणि शिंगरांना, जास्त मात्रा बाधू शकते. गुरांचे इंजेक्शन घोड्याच्या स्नायूत टोचल्यास सूज येते आणि त्या जागी गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो.

दर महिन्याला औषध देण्याने जंतांची त्या औषधाला तोंड देण्याची शक्ती वाढते. लहान स्ट्राँगाइल जंतांवर फेनबेंडाझोलच्या गटातील औषधे अनेक देशांत निष्प्रभ ठरली आहेत, म्हणून आधी लिदेतील अंडी मोजून घ्यावीत. मोठ्या घोड्याच्या एक ग्रॅम लिदेत २०० पेक्षा कमी अंडी असतील, तर तो कुरणात जंत कमी पसरवतो आणि त्याला सारखे औषध लागत नाही. आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या आणि फीतकृमी या मोजणीत सहसा दिसत नाहीत, त्यामुळे त्यांचा विचार डॉक्टरांशी वेगळा करावा लागतो. औषध दिल्यानंतर १४ दिवसांनी पुन्हा लीद तपासली, तरच ते आपल्या पागेत लागू पडते की नाही, हे कळते.