पाहुण्याची केबल

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर. शनिवारी सकाळी साडेनऊला त्यातली उबुंटू ही लिनक्स सिस्टिम सुरू केली, तर आतला ब्राउझर म्हणाला, इंटरनेट नाही. त्याच लॅपटॉपवर शेजारच्या खिडकीत क्रिकेटचा स्कोअर मात्र मजेत हलत होता.

या प्रकारात लॅपटॉपला होस्ट म्हणतात आणि त्याच्या पोटातल्या मशीनला गेस्ट. म्हणजे यजमान ढेकर देतोय आणि पाहुणा उपाशी. आमच्या घरात हे चालत नाही. मी बाह्या सरसावल्या.

पाहुण्याला नेट वाढायच्या नेहमीच्या दोन पद्धती, नॅट आणि ब्रिज्ड. नॅटमध्ये पाहुण्याने घरातच बसायचं. त्याला १०.०.२.१५ हा पाट, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळतो, १०.०.२.२ हा दरवाजा, आणि बाहेर जायचं ते यजमानाच्या नावावर. ब्रिज्डमध्ये पाहुणा थेट राउटरकडे जाऊन स्वतःचं पान मांडून घेतो. मी नॅटचं ब्रिज्ड केलं. ब्रिज्डचं नॅट केलं. पान रिकामंच.

मग संशय डीएनएसवर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर. घरात कुणीही शिंकलं की कालच्या दह्याचं नाव निघतं, तसं आमच्या धंद्यात डीएनएसचं. पत्ता कुणाला विचारायचा हे जिच्यात लिहिलेलं असतं ती रिझॉल्व्ह-कॉन्फ ही फाइल उघडली. तिच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं, हाताने बदलू नका. ‘गेटसमोर गाडी लावू नये’ या पाटीला आपण जितका मान देतो तितका देऊन मी आत गूगलच्या डीएनएसचा ८.८.८.८ हा पत्ता घातला. रीस्टार्ट केल्यावर फाइल पुन्हा पहिल्यासारखी, जणू मी तिथे गेलोच नव्हतो.

आता ‘आयपी लिंक’ ही कमांड दिली. नेटवर्क कार्डाच्या नावापुढे कंसात आलं, ‘नो-कॅरिअर’. मी ते ‘नो करिअर’ असं वाचलं. म्हटलं, ते आम्हाला माहीत आहे, नेटचं बोल.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी सतरा वर्षं सपोर्टमध्ये आहे. फोन उचलल्यावर माझं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘वायर नीट बसलीय का? एकदा काढून परत लावा.’ लोक चिडतात, आणि दहातले चार जण नंतर ओशाळून गप्प होतात. पण व्हर्च्युअल मशीनला कसली आलीय वायर!

साडेबाराच्या सुमारास सेटिंग्ज, नेटवर्क असं करत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ची घडी उलगडली. तळाशी एक इवलासा चौकोन. ‘केबल कनेक्टेड’. टिक नव्हती.

अस्तित्वातच नसलेली केबल निघालेली होती. ‘नो-कॅरिअर’ म्हणजे वायरीवर सिग्नल नाही, हेच ती कमांड सांगत होती. आणि काढणारा मीच. मंगळवारी डेमोच्या मधेच अपडेटची सूचना सारखी डोकं वर काढत होती, म्हणून वैतागून टिक काढली होती. परत लावायला विसरलो.

टिक केली. दोन सेकंदांत १०.०.२.१५ पाटावर हजर. तिसऱ्या सेकंदाला अपडेटची सूचना.

‘काय झालं होतं रे तीन तास?’ बायकोने विचारलं.

‘काही नाही, केबल निघाली होती.’

तिने वाकून टेबलाखाली बघितलं.