सीपॅपने फुफ्फुसं आळशी होतात? काहीतरीच!
फोंड्यातल्या ग्रुपांवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, की स्लीप ॲप्नियावाल्यांनी (झोपेत घसा मिटून ज्यांचा श्वास अधूनमधून थांबतो त्यांनी) रात्री सीपॅप मशीन लावलं तर फुफ्फुसं आळशी होतात, त्यापेक्षा नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन रात्री घ्या, झोपही लागते नि दुखणंही थांबतं. साफ चुकीचं आहे हे. सीपॅप तुमच्यासाठी श्वास घेत नाही, नुसती दाबाने हवा सोडून घसा मिटू देत नाही, श्वास तुमचा तुम्हीच घेता, आणि सवय म्हणाल तर चष्म्याचीही लागतेच की! धोका असलाच तर त्या गोळीत आहे. प्रीगॅबालिन काय, तिच्याच जातीची गॅबापेंटिन काय, दोन्हींनी गुंगी येते, काहींचा श्वास मंदावतो, २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने तसा इशाराच दिलाय, खासकरून वयस्कर माणसं, सीओपीडीवाले (फुफ्फुसांचा जुनाट आजार असलेले) आणि सोबत ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची वेदनाशामक औषधं घेणारे यांच्यासाठी. त्यात जेवणाआधी फेणी झाली असेल तर बघायलाच नको. पण हे वाचून चालू असलेली गोळी एकदम बंद करू नका हां, त्यानेही त्रास होतो, ॲप्निया आहे हे गोळी देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगा. आणि एसीत नळीत गुडगुड ऐकू येते ती मशीन बिघडल्याची नव्हे, आत पाणी जमतं, ह्युमिडिफायर (मशीनचा हवा दमट करणारा भाग) थोडा कमी करा नाहीतर नळी चादरीखाली घ्या.