युद्धकवी पाळायचा असेल तर

युद्धकवीच्या नावानं साहित्यमंडळ काढायचं तुम्ही ठरवलंत, हे फार चांगलं केलंत. प्रेमकवीच्या मंडळात भांडणं होतात आणि निसर्गकवीच्या मंडळात पायपीट फार. युद्धकवीचं तसं नाही. त्याला वर्षातून एक हक्काचा दिवस असतो, ११ नोव्हेंबर, पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस, आणि त्या दिवशी लोक आपणहून गंभीर चेहरा करून, कोटाला कागदी खसखशीचं फूल लावून येतात. वातावरणनिर्मितीचा खर्च वाचला.

कवी निवडताना एवढंच पाहा की तो वारलेला असावा. ही अट तुम्हाला उगाच वाटेल, पण भल्याभल्यांकडून हलगर्जीपणा होतो. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, कवींच्या कोपऱ्यात, पहिल्या महायुद्धातल्या सोळा कवींच्या नावांची शिळा १९८५ साली ११ नोव्हेंबरलाच बसवली. तेव्हा त्या सोळांपैकी रॉबर्ट ग्रेव्ह्ज चक्क हयात होते, वय वर्षं नव्वद. महिन्याभरात त्यांनी आपल्या बाजूनं दुरुस्ती करून घेतली, पण दर वेळी नशीब असं साथ देईलच असं नाही. जिवंत लेखक सभेला येतो, माईक मागतो आणि मग काय बोलेल याचा भरवसा नसतो.

माझी शिफारस विचाराल तर विल्फ्रेड ओवेन. १८ मार्च १८९३ रोजी वेल्सच्या सीमेलगत ऑस्वेस्ट्रीला जन्म, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये ऑर्स गावाजवळ साम्ब्र-वाझ कालवा ओलांडताना मृत्यू, वय पंचवीस. पुढच्या सात दिवसांत युद्धच संपलं. श्रूजबरीला त्याच्या आईवडिलांच्या हातात मृत्यूची तार पडली ती ११ तारखेला, गावातल्या चर्चच्या घंटा युद्ध थांबल्याच्या आनंदात वाजत असताना. अशी वेळ साधलेला कवी पुन्हा मिळायचा नाही. पुण्यतिथी आणि युद्धविराम एकाच आठवड्यात, म्हणजे एकाच पुष्पचक्रात दोन कार्यक्रम. शिवाय माणसानं लिहिलंही बेताचंच. हयातीत मोजक्याच कविता छापून आल्या, पुस्तक निघालं ते १९२० साली, तो गेल्यावर. कार्यकारिणीतला कुठलाही सभासद लंडनहून श्रूजबरीला येताना गाडीत सगळं वाचून काढू शकतो, मधे डुलकी घेऊनसुद्धा.

अडचण एकच आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. हा मनुष्य जे लिहून गेलाय ते तुमच्या मंडळाला परवडण्यासारखं नाही. पुस्तकासाठी त्यानं प्रस्तावनेचा कच्चा खर्डा करून ठेवला होता. त्यात सुरुवातीलाच म्हणतो, हे पुस्तक वीरांविषयी नाही. पुढे म्हणतो, मला कवितेशीच कर्तव्य नाही. माझा विषय युद्ध आणि युद्धातली करुणा. आणि मग, आज कवीच्या हाती काय आहे, तर इशारा देणं, एवढंच. आता वीर नाहीत, कविता नाही आणि वर इशारा, म्हटल्यावर चहापानाला कोण थांबणार?

घाबरू नका. हे काम ॲबीवाल्यांनी तुमच्यासाठी करून ठेवलंय. त्या सोळा नावांच्या शिळेवर ओवेनच्या याच प्रस्तावनेतल्या ओळी कोरल्या आहेत. कोणत्या? करुणेच्या. इशाऱ्याचं वाक्य तिथून चार ओळींच्या आतच आहे, पण ते दगडापर्यंत पोचलं नाही. जागा पुरली नसावी. तुम्हीही निमंत्रणपत्रिकेवर करुणाच छापा. करुणेनं सभागृह हेलावतं, आणि उठून कुणाला काही करावं लागत नाही.

हे जमायला थोडा सराव लागतो. तो कसा करावा यासाठी ओवेनच्या घराकडेच पाहा. मी तर त्या घराला पहिलं मंडळ म्हणतो. ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धसमाधी आयोगानं युद्धात मेलेल्यांच्या नातेवाइकांना थडग्यावर एक ओळ कोरून घ्यायची मुभा दिली होती, मर्यादा ६६ अक्षरांची. ओवेनच्या आईनं, सुझननं, मुलाच्याच कवितेतल्या ओळी निवडल्या. मूळ कवितेत तो विचारतो, जीवन या देहांना पुन्हा उभं करील का? साऱ्या मरणावर ते खरोखर मात करील का? आणि मग वार्धक्य आणि पृथ्वी, दोघंही त्याला नाही म्हणून सांगतात. ऑर्सच्या दफनभूमीतल्या दगडावर पहिला प्रश्न आहे. दुसऱ्याचं प्रश्नचिन्ह मात्र गेलंय, आणि ओळ मधेच तोडलीय. त्यामुळे तिथं आता कवी ठामपणे सांगतो की होय, खरोखर, जीवन साऱ्या मरणावर मात करील. एक चिन्ह काढलं आणि कविता उलटी झाली.

त्या बाईला मी हसणार नाही. मुलाच्या थडग्यावर नकार कोरून घ्यायला कुठली आई तयार होईल? पण तुम्ही त्याची आई नाही, मंडळाचे कार्यवाह आहात, आणि तरी तुम्हाला हेच करायचंय.

धाकटा भाऊ हॅरॉल्ड आणखी कसलेला. त्यानं दादाच्या पत्रांतला न रुचणारा मजकूर काळ्या शाईनं खोडला, काही ठिकाणी कात्री चालवली. ओवेनला जाँकूरच्या लढाईतल्या कामगिरीबद्दल मिलिटरी क्रॉस मिळाला होता. मूळ प्रशस्तिपत्रात आहे की त्यानं शत्रूची मशीनगन हाती घेऊन स्वतः चालवली आणि शत्रूची मोठी हानी केली. कुटुंबाच्या देखरेखीखाली पत्रं छापली गेली तेव्हा त्या मजकुराच्या जागी दिसतं की त्यानं मशीनगन ताब्यात घेतली आणि कैदी पकडले. करुणेचा कवी माणसं मारतो, हे वाचकाला झेपलं नसतं. खरं तर ओवेन वाचण्यासारखा आहे तो इथेच. युद्धाचा तिटकारा असलेला माणूस त्याच युद्धात कसबानं बंदूक चालवतो आणि परत येऊन आईला पत्र लिहितो. पण अशा माणसावर सहामाही परिसंवाद घेता येत नाहीत, लोक अस्वस्थ होतात. तुम्ही कैदीच पकडा.

परिसंवादांचं म्हणाल तर विषयांना तोटा नाही. सर्वांत निर्धोक विषय यमक. ओवेन व्यंजनं जुळवतो आणि स्वर बदलतो, त्यामुळे ओळ जुळल्यासारखी वाटते आणि जुळतही नाही. यावर तीन वर्षं सहज निघतात. तेवढ्यात कुणी म्हणालं की हे न जुळणं कानाला टोचावं म्हणूनच तर केलंय, तर त्यांना पुढच्या वेळी आभारप्रदर्शन द्या. गॅसहल्ल्याची ती प्रसिद्ध कविता, जिच्यात गाडीवर टाकलेल्या सैनिकाच्या फुप्फुसातून रक्ताचा फेस येतो, ती जेवणानंतर ठेवू नका. जेवणाआधीही नको. ठेवायचीच तर तिच्यातल्या लॅटिन ओळीच्या (देशासाठी मरणं गोड आणि शोभणारं, असं सांगणाऱ्या आणि ओवेननं खोटी ठरवलेल्या) उच्चारावर बोलायला एखादे निवृत्त प्राध्यापक बोलवा, तास निघून जातो.

त्या कवितेच्या खर्ड्यावर एक अर्पणओळ होती, जेसी पोप यांस. या बाई वर्तमानपत्रांतून पोरांना भरतीला पाठवणारी खुसखुशीत पद्यं लिहायच्या. अर्पणओळीचा उल्लेख करा, सगळे हसतील. जेसी पोपच्या नावाचं मंडळ मात्र माझ्या पाहण्यात नाही. तशी गरजही नाही, त्यांचं काम अजून चालू आहे. त्यांच्या पठडीतलं कुणी तुमच्या मंडळाला प्रायोजक म्हणून लाभलं तर नाही म्हणू नका.

एक व्याख्यान क्रेगलॉकहार्टवर लागतंच. एडिंबराजवळचं हे लष्करी रुग्णालय, तोफांच्या माऱ्यानं मन कोसळलेल्या अधिकाऱ्यांसाठी होतं. आता तिथं विद्यापीठ आहे, सहल नेता येते. १९१७ च्या उन्हाळ्यात ओवेन तिथं दाखल झाला आणि तिथंच त्याला सिगफ्रीड ससून भेटला. पुण्याच्या ससून रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे त्या डेव्हिड ससूनचा हा पणतू. सभासदांत कुणी पुणेकर असेल तर ही माहिती द्यायला त्याला उभं करा, पण घड्याळ लावून. ससूननं ओवेनच्या कवितेत कुठले शब्द सुचवले, हस्ताक्षर कुणाचं, हे पडद्यावर दाखवा. हा कवी ससून क्रेगलॉकहार्टला मुळात आला कसा, हे मात्र ओझरतं सांगा. धडधाकट माणूस होता. हे युद्ध मुद्दाम लांबवलं जातंय, मी आता यात भाग घेणार नाही, असं जाहीर निवेदन त्यानं काढलं, जे पुढे ३० जुलै १९१७ ला ब्रिटिश संसदेत वाचलंही गेलं. लष्करी न्यायालयात उभं केलं असतं तर बोभाटा झाला असता. म्हणून वैद्यकीय मंडळानं त्याला आजारी ठरवलं आणि धाडलं क्रेगलॉकहार्टला. निवेदनाला उत्तर द्यायची वेळच आली नाही. तुम्हाला एवढं कडक व्हायचं कारण नाही. तुम्ही कवीला थोर ठरवा. त्यानंही उत्तर द्यायची वेळ येत नाही.

मंडळाला एक खलनायकही हवा, त्याशिवाय एकजूट राहत नाही. आयरिश कवी येट्स घ्या. १९३६ साली त्यांनी आधुनिक कवितेचा संग्रह संपादित केला आणि त्यातून ओवेनला वगळलं, कारण निमूटपणे सोसणं हा कवितेचा विषय नव्हे, असं त्यांचं मत. दर वर्षी त्यांचा निषेध करा. निषेधाला सोपे आहेत, १९३९ साली वारले.

काय करू नये याचंही उदाहरण देतो. १९८९ साली ओवेनच्या नावानं एक असोसिएशन निघाली. तिनं २००५ साली आपला पुरस्कार नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांना दिला, आणि कशासाठी, तर इराक युद्धाविरुद्धच्या कवितांसाठी. युद्ध तेव्हा चालू होतं! युद्धकवीच्या मंडळानं चालू युद्धाविषयी काही म्हणायचं नसतं, हा साधा संकेत. शंभर वर्षं जुनं युद्ध असलं की सगळेच त्याच्या विरुद्ध असतात, सभेत मतभेद होत नाहीत. चालू युद्धात सभासदांचे भाचे असतात, शेअर असतात, मतं असतात. कुणी विषय काढलाच तर ‘मंडळ राजकारणापासून अलिप्त आहे’ हे वाक्य घटनेत आधीच घालून ठेवा.

ऑर्सची सहल मात्र चुकवू नका. जंगलखात्याच्या ज्या घराच्या तळघरात ओवेननं ३१ ऑक्टोबरला आईला शेवटचं पत्र लिहिलं, ते घर २०११ पासून स्मारक झालंय. बाहेरून पांढरंशुभ्र, छप्पर उघड्या पुस्तकासारखं. फोटो छान येतात.

आणि भारतीय सभासदांसाठी रवींद्रनाथ ठेवा. शेवटच्या निरोपाच्या वेळी ओवेन आईला गीतांजलीतल्या ओळी म्हणून गेला होता. त्याची खिशातली वही घरी आली तेव्हा त्याच ओळी त्याच्या अक्षरात, खाली ठाकुरांचं नाव. सुझननं १९२० साली पत्र लिहून हे रवींद्रनाथांना कळवलं. हा प्रसंग खरोखरच इतका सुंदर आहे की त्याला मंडळाच्या मदतीची गरज नाही. तरी तुम्ही मागे सतार ठेवालच.

एवढं करूनही एखादा साताऱ्याकडचा सभासद शेवटच्या रांगेतून विचारेल, आमचेही गेले होते, त्यांचं काय? हा प्रश्न येणार, तयारीत राहा. गेले होते खरे. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. १४७ दिवस. घोडी आणि खेचरं कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. पुढे वाळवंटातून चालवत नेताना त्यातली हजारो मेली. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिशांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा दिला. एकट्या अपशिंग्यातून गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत, असं गाव सांगतं.

सभासदाला शांतपणे समजावा. मंडळाला कागद लागतात. ओवेनच्या आईनं त्याची पाचशेच्या वर पत्रं जपून ठेवली. फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी शिपाई घरी काय लिहीत होते, ते आपल्याला कळतं सेन्सॉरच्या कचेरीतून. त्या साहेबांनी भाषांतर करून ठेवलेले उतारे लंडनला आहेत, बहुतेक मूळ पत्रं कुठे गेली पत्ता नाही. कूतच्या शिपायाकडून तर वेढ्यातून बाहेर काय येणार? मग जयंती कुणाची करायची? सिंहावलोकन कशाचं? यमक कुठून आणायचं? तो ऐकून घेईल. नाहीच ऐकलं तर इतिवृत्तात लिहा, ‘सूचना स्तुत्य, पुढील सभेपुढे ठेवावी’, आणि वर्गणीच्या पावत्या वाटायला घ्या. पावतीपुस्तक नवीन छापत असाल तर कवीची जन्मतारीख एकदा तपासा. घाईत लोक पुण्यतिथीची घालतात.