घोड्याची म्यान, साबण आणि चौथ्यांदा आलेला संदेश

या महिन्यात तोच संदेश मला चौथ्यांदा आला. घोड्याचं लिंग आणि त्यावरची कातडीची म्यान दर आठवड्याला साबणाने आतपर्यंत धुवा. नाहीतर मळाची गोळी होऊन लघवी बंद पडते, पुढे कॅन्सर होतो. घोडीलाही आतून धुवा. आणि रोज मोहरीच्या तेलाने जोर लावून मालिश करा, म्हणजे अंगातलं विष निघतं, सरकलेला मणका जागेवर येतो. हा संदेश पाठवणाऱ्यांचं घोड्यांवर प्रेम आहे, म्हणूनच ते तो पाठवतात. पण त्यापायी घोड्यांचे हाल होतात, म्हणून उत्तर देतो आहे.

आधी दर आठवड्याच्या साबणाविषयी. म्यानीतला राखाडी-काळा मळ म्हणजे कातडीचं तेल, मेलेल्या पेशी आणि धूळ. थोडा मळ असणं हे कातडीचं आरोग्य आहे, घाण नव्हे. तिथे राहणारे नेहमीचे जिवाणू बाहेरच्यांना जागा देत नाहीत. साबण किंवा जंतुनाशक पुन्हा पुन्हा वापरलं की हे राखणदार मरतात आणि सुडोमोनास, क्लेब्सिएला असे चिवट जंतू मोकळ्या जागेत बस्तान बसवतात. पैदाशीच्या घोड्यांमध्ये हे चांगलं माहीत झालेलं आहे, कारण तिथून ते जंतू घोडीच्या गर्भाशयात जातात. मी स्वतः ही चूक केली आहे. आमच्या खच्ची केलेल्या घोड्याला दर रविवारी जंतुनाशकाच्या पाण्याने धूत होतो. चौथ्या रविवारी म्यान सुजली, तो पोटाखाली हात लावू देईना. डॉक्टरांनी पहिला उपाय सांगितला तो धुणं बंद करण्याचा.

मग करायचं काय? बघायचं. लघवीला थांबला की घोडा लिंग बाहेर सोडतो, तेवढा वेळ नजर टाकायला पुरतो. जाड खपल्या, उग्र वास, रक्त, गाठ किंवा सूज दिसली तर पुढचा विचार. धुवायचंच झालं तर हातमोजा, कोमट पाणी आणि मऊ सुती कापड. खांद्याशी, अंगाला चिकटून उभं राहायचं, एक हात पाठीवर, म्हणजे तो हलला की आधी आपल्याला कळतं. लिंग ओढून बाहेर काढायचं नाही. गुंगीचं इंजेक्शन तर स्वतः देऊच नका. अॅसेप्रोमॅझिन या गुंगीच्या औषधाने क्वचित नर घोड्याचं लिंग बाहेर लटकून राहतं, कधी कायमचं.

मळाची गोळी ही गोष्ट खरी आहे. लिंगाच्या टोकाला, मूत्रमार्गाच्या तोंडाशेजारी एक लहान खोबण असते, तिच्यात मळ घट्ट होऊन वाटाण्याएवढा, कधी त्याहून मोठा खडा होतो. मोठा झाला की टोचतो, तो हलक्या हाताने काढावा. पण लघवी येते ती शेजारच्या नळीतून, खोबणीतून नाही. घोडा पाय पसरून कुंथत असेल, थेंबथेंब लघवी करत असेल, तर ती गोळी आहे असं समजून साबण घेऊन बसू नका. मूत्राशयात खडा असू शकतो आणि उशीर महागात पडतो. गढूळ, पांढरट लघवीला मात्र घाबरू नका. घोड्याच्या लघवीत कॅल्शियम कार्बोनेट असतंच.

कॅन्सरचा धागा जुना आहे. 1947 मध्ये घोड्याच्या या मळाचा प्रयोग उंदरांवर झाला, त्यांना गाठी झाल्या, आणि तेव्हापासून मळालाच दोषी धरलं गेलं. आज अशा गाठींमध्ये बहुतेक वेळा घोड्यांमधला पॅपिलोमा विषाणू, प्रकार 2, सापडतो. वय आणि त्या जागेची गुलाबी, रंगहीन कातडी यांनीही धोका वाढतो. साबणाने विषाणू जात नाही. गाठ लवकर दिसणं हाच खरा उपयोग, आणि तो नुसत्या बघण्याने होतो.

संदेशात ज्याचा शब्दही नाही ते आपल्याकडे जास्त घडतं. उन्हापावसात लिंगाच्या टोकावर न भरणारी, कणीदार जखम होते. तिला आपल्याकडे बरसाती म्हणतात, आणि इंग्रज काळातल्या पशुवैद्यांनी हा शब्द इथूनच उचलला. माश्या जंताच्या अळ्या ओल्या जागी सोडतात, त्यातून ती होते. म्हणजे इलाज पागेतली लीद रोज दूर टाकण्यात, माश्या आवरण्यात आणि डॉक्टरांकडून जंताचं औषध घेण्यात आहे. म्यान आणि पोटाखालचा भाग सुजला, सोबत ताप येऊन-जाऊन आणि अंग उतरत चाललं असेल, तर सर्रा, म्हणजे चावऱ्या माश्यांमधून पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग, असू शकतो. रक्त तपासून घ्या.

घोडीबद्दल थोडक्यात: आतून कधीच नाही. आत ढकललेलं पाणी जंतूंना वाट करून देतं. दोन सडांच्या मधल्या खाचेत मात्र काळा चिकट मळ साचतो, तो कोमट पाण्याने पुसावा. ती शेपूट घासत असेल तर हे एक कारण, दुसरं जंत.

आता मालिश. घोड्याचा मणका माणसाच्या हातांनी सरकत नाही आणि बसतही नाही, त्याच्याभोवती स्नायूंचा केवढा थर असतो ते पाठीवर तळवा ठेवून बघा. विष काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. मोहरीचं तेल कातडीला झोंबतं, त्यावर खोगीर चढवलं की फोड. आणि कामानंतर घोडा ताठरला, घाम सुटला, लघवी कॉफीसारखी झाली, तर चोळू नका, चालवू नका, जागेवर उभा ठेवून डॉक्टरांना बोलवा. स्नायू फुटत असतात.

हाताच्या स्पर्शाला मात्र किंमत आहे. आयाळ संपते तिथल्या उंचवट्याजवळ घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांना तिथे हाताने खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले, हे 1993 मध्ये मोजून दाखवलं गेलं. खरारा झाला की तिथे बोटांची टोकं गोल फिरवा. जागा बरोबर सापडली की तो मान लांबवतो, वरचा ओठ पुढे काढून हलवतो. कान मागे पाडले किंवा कातडी थरथरवली, तर हात काढून घ्या.