दाजी, पिस्तूल डॅशबोर्डवर ठेवायचं नसतं

शुक्रवारी रात्री दाजींनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. 'अमेरिकेत पिस्तूल बाळगणाऱ्या प्रत्येक भारतीयाने वाचावे' अशी सुरुवात, शेवटी कुणा निवृत्त पोलिस अधिकाऱ्याचा हवाला, नाव अर्थातच नाही. मजकूर थोडक्यात असा: २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर गाडी अडवणाऱ्या पोलिसाला शस्त्राबद्दल काही सांगावं लागत नाही. पाचव्या घटनादुरुस्तीने गप्प बसायचा हक्क दिलाय. २९ राज्यांत पिस्तूल लपवून जवळ बाळगायला लायसन्स लागत नाही, तेव्हा बिनधास्त फिरा. आणि पोलिसाने विचारलंच तर पिस्तूल काढून डॅशबोर्डवर ठेवा, त्याचा विश्वास बसतो.

एरवी मी असल्या गोष्टी न वाचता पुढे सरकते. पण दाजी राहतात टोलेडोला, म्हणजे ओहायोत, आणि आम्ही नोव्हायला, मिशिगनमध्ये. तासाभराचा रस्ता, महिन्यातून दोनदा येणं-जाणं. दाजींकडे पिस्तूल आहे. म्हणून बसले लिहायला.

शेवटचा मुद्दा आधी घेते. बाकीचे दंडाचे आणि तुरुंगाचे आहेत, हा जिवाचा आहे. रात्रीची वेळ, गाडी हायवेच्या कडेला, पोलिस मागून चालत येतोय. त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, तुमचं लायसन्स दिसत नाही. दिसतो तो कमरेकडे जाणारा हात. मग त्या हातात पिस्तूल. विश्वास बसायला त्याला वेळ कुठे आहे?

६ जुलै २०१६ ला मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये फिलँडो कॅस्टिलची गाडी अडवली गेली. शाळेच्या जेवणघरात सुपरवायझर होता, शस्त्राचा परवाना होता. मिनेसोटात पोलिसाने विचारल्याशिवाय सांगायची सक्ती नाही. तरी त्याने आपणहून, 'सर' म्हणत, जवळ शस्त्र असल्याचं सांगितलं. पोलिस म्हणाला, काढू नकोस. तो म्हणाला, काढत नाहीये. काही सेकंदांत ७ गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीत त्याची मैत्रीण होती आणि मागच्या सीटवर तिची ४ वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी ज्युरीने त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं. 'मग सांगून काय मिळालं त्याला?' असं कुणी विचारलं तर माझ्याकडे धड उत्तर नाही. पण 'काढत नाहीये' म्हणणाऱ्याची ही गत झाली, आणि हा फॉरवर्ड तुम्हाला काढून दाखवा म्हणतोय! हात स्टिअरिंगवर ठेवा, गाडीतला दिवा लावा, तोंडाने सांगा की आहे आणि अमुक ठिकाणी आहे. पुढचं तो सांगेल तसं. कशालाही हात लावायच्या आधी विचारा.

आता गप्प बसायचा हक्क. मिशिगनच्या पिस्तूल कायद्याचं कलम ५एफ कुणीही उघडून वाचावं, पानभर पण नाही. लायसन्सधारकाला पोलिसाने थांबवलं तर त्याने 'ताबडतोब' सांगायचं. विचारल्यावर नाही, ताबडतोब. पिस्तूल अंगावर असो की गाडीत, दोन्ही आलं. करंट देणारी टेझरसारखी वस्तूसुद्धा त्यात आहे. नाही सांगितलं तर पहिल्या वेळी ५०० डॉलर दंड आणि ६ महिने लायसन्स बंद, ३ वर्षांत पुन्हा झालं तर १००० डॉलर आणि लायसन्स रद्द. घटनादुरुस्तीचा वाद घालायचा तर वकील करून कोर्टात घाला, हायवेच्या कडेला नको. आणि सुप्रीम कोर्टाचा २०२२ चा तो निकाल न्यूयॉर्कच्या परवाना द्यायच्या अटीबद्दल होता. पोलिसाला सांगावं की नाही, हा प्रश्नच त्यात नव्हता.

एक कबूल करते, जिवावर येतंय तरी. ओहायोपुरतं फॉरवर्डवाल्याचं अर्धं बरोबर आहे. तिथे आधी आपणहून सांगावं लागायचं, १३ जून २०२२ पासून पोलिसाने विचारलं तरच. म्हणजे खोटं बोलायची मुभा तिथेही नाही.

२९ चा आकडाही खरा आहे, फक्त त्यात मिशिगन नाही. आणि इथेच दाजींची गोची आहे. ओहायोत आता लागत नाही म्हणून त्यांनी लायसन्सचं नूतनीकरणच केलेलं नाही. ताईने परवा फोनवर सहज सांगितलं, जिमची मेंबरशिप संपल्यासारखं. टोलेडोहून निघून राज्याची हद्द ओलांडली की तेच पिस्तूल, त्याच गाडीत, लायसन्सशिवाय म्हणजे फेलनी, गंभीर गुन्हा. ५ वर्षांपर्यंत शिक्षा. दाजी ग्रीन कार्डवर आहेत, आणि शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं, हे खुद्द इमिग्रेशनच्या कायद्यात आहे. त्या निवृत्त अधिकाऱ्याने हे का नाही लिहिलं?

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दाजींचं उत्तर आलं, "अगं, मी फक्त पुढे पाठवलं." त्याखाली ऑस्टिनच्या मावसभावाचा प्रश्न, "ताई, मग मी एक घेऊन ठेवू का?" अरे बाबा, तू एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेस. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुला हातात धरायलाही बंदी आहे. फोन कर आधी.