खुलासा : स्तंभावर सेंट पीटर, म्हणून ट्राजन ख्रिस्ती?

रोममधल्या ट्राजनच्या स्तंभाचा फोटो फिरतो आहे. वर येशूचा शिष्य सेंट पीटर याचा पुतळा दिसतो, म्हणजे हा रोमन सम्राट मनातून ख्रिस्तीच होता, असा सोबतचा दावा. पुतळा खरा, निष्कर्ष चुकीचा.

इ.स. ११३मध्ये हा स्तंभ उभा राहिला तो डेशियावरच्या (साधारण आजचा रोमानिया) विजयासाठी, आणि त्यावर पुतळा होता खुद्द ट्राजनचा. पीटर तिथे चढला १५८७मध्ये, पाचव्या सिक्स्टस पोपच्या हुकमाने. मधे चौदाशेहून जास्त वर्षं गेली!

ख्रिस्ती लोकांविषयी ट्राजनने प्लिनी या प्रांताधिकाऱ्याला पाठवलेलं उत्तर आजही वाचायला मिळतं. त्यांना हुडकत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका. पण आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करा, आणि आमच्या देवांची पूजा करून दाखवली तर माफी द्या. स्वधर्मीयांबद्दल कोणी असं लिहील का?

ट्राजनचा डॅन्यूब नदीवरचा पूलही याच फोटोखाली ‘धर्मप्रसारासाठी’ म्हणून खपवलाय. दमास्कसच्या अपोलोडोरसने बांधलेला, दगडी खांबांवर लाकडी कमानींचा, किलोमीटरहून लांब असा तो पूल सैन्य पलीकडे नेण्यासाठी होता.

पोप ग्रेगरीच्या प्रार्थनेने ट्राजनचा आत्मा तरला, ही मात्र जुनी ख्रिस्ती दंतकथा आहे. गोंधळाचं मूळ बहुधा तिथेच असावं.