‘लाइन गेली की डब्बी मेली’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: आमच्याकडून प्रिंट सर्व्हरची डब्बी (यूएसबी प्रिंटर घरच्या नेटवर्कवर आणणारी) नेली, आधी लॅपटॉपला प्रिंटर लावून टेस्ट प्रिंट काढली, मग तीच वायर डब्बीत घातली. त्या दिवशी माडीवरच्या खोलीतूनही प्रिंट निघाली. संध्याकाळी लाइन गेली, आल्यावर सगळं बंद. कधी ‘ऑफलाइन’ दाखवतं, कधी प्रिंट गेली म्हणतं पण कागद येत नाही. मोबाइलवरून तर एकदाही निघाली नाही. खाली ‘भंगार माल’ असं लिहून एक स्टार. स्टार राहू द्या, पण डब्बी भंगार नाही. कारण इथेच लिहितो, म्हणजे वरुड-मोर्शीकडे ज्यांच्या घरी हाच प्रिंटर आहे त्यांनाही कामी येईल.

प्रिंटर एचपी लेझरजेट १०२० आहे हे तुम्ही रिव्ह्यूत लिहिलं ते बरं केलं. दुकानात फक्त ‘यूएसबीचा लेझर’ एवढंच बोलणं झालं होतं, आणि सगळी गोम त्या मॉडेलात आहे. १०२० आपलं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम, स्वतःजवळ कायमचं ठेवत नाही. बटण चालू केलं की दर वेळी कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर ते यूएसबीतून त्याच्यात भरतो, तेव्हा कुठे तो प्रिंट घ्यायला तयार होतो. करंट गेला की ते पुसलं जातं. डब्बी म्हणजे निव्वळ पोस्टमन: आलेलं पाकीट प्रिंटरच्या दारात टाकते, आत काय आहे ते तिला कळत नाही. फर्मवेअर भरणं हे तिचं काम नाही आणि तिला ते येतही नाही. पहिल्या दिवशी चाललं ते लॅपटॉपने फर्मवेअर भरून ठेवलं होतं आणि प्रिंटर बंद न करता तुम्ही वायर हलवली म्हणून.

खात्री करायची तर घरीच करा. प्रिंटर डब्बीला लावलेला असताना बंद करून चालू करा आणि एक पान पाठवा. रांगेतून जॉब निघून जाईल, कागद येणार नाही. आता वायर लॅपटॉपला लावा, अर्धा मिनिट थांबा, आणि प्रिंटरचं बटण न दाबता वायर परत डब्बीत घाला. पान निघालं तर डब्बी, वायर, राउटर सगळं ठीक आहे. नाही निघालं तर डब्बी घेऊन या, समोर तपासून बदलून देतो.

कॅननचा एलबीपी २९०० असलेल्यांनीही हे वाचावं. त्याचं कारण वेगळं आहे: तो कॅप्ट नावाच्या भाषेत कॉम्प्युटरशी सतत दोन्हीकडून बोलतो, आणि साध्या डब्बीतून ते बोलणं पुरं होत नाही. निकाल तोच. राउटरच्या मागे यूएसबीचं भोक आहे म्हणून प्रिंटर तिथे लावला तरी फरक पडत नाही, तीही डब्बीच.

‘ऑफलाइन’ हा मात्र दुसराच आजार आहे. लाइन आल्यावर दोन्ही एकदम दिसतात म्हणून एकच वाटतात. राउटर आणि डब्बी सोबत चालू झाले की राउटर डब्बीला कधी कधी नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा घर नंबर) देतो, आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. ब्राउझरमध्ये राउटरचं सेटिंगचं पान उघडा, तिथे डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (पत्ता राखून ठेवायची सोय) डब्बीचा मॅक पत्ता, म्हणजे तिचा कायमचा ओळख नंबर, टाकून तिचा आयपी पक्का करा. मॅक डब्बीच्या पोटाशी चिकटवलेला असतो. काही डबड्या कारखान्यातूनच १९२.१६८.०.१० सारखा पत्ता घेऊन येतात. घरचं नेटवर्क १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.२९ ने सुरू होत असेल तर अशी डब्बी दिसणारच नाही. आधी लॅपटॉपला त्याच पट्ट्यातला पत्ता देऊन तिच्या सेटिंगच्या पानात शिरावं लागतं.

मग विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट. तिथे प्रोटोकॉल ‘रॉ’ आणि पोर्ट नंबर ९१०० हवा. खालची ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची टिक काढा. ही टिक असली की विंडोज प्रिंटरला ‘कसा आहेस’ विचारतं, स्वस्त डब्बी उत्तर देत नाही, आणि विंडोज धडधाकट प्रिंटरला ऑफलाइन ठरवतं. आमच्याकडे येणाऱ्या ऑफलाइनच्या तक्रारींत या एका टिकेचा वाटा फार मोठा आहे. डब्बी ‘रॉ’ऐवजी एलपीआर (प्रिंट पाठवायची दुसरी पद्धत) मागत असेल तर क्यूचं, म्हणजे रांगेचं, नाव तिच्या पुस्तिकेतलंच टाका, बहुतेकदा ‘एलपी१’, आणि ‘एलपीआर बाइट काउंटिंग’ चालू ठेवा. पोर्टच्या यादीत ‘डब्ल्यूएसडी’ (विंडोजने आपोआप शोधलेलं पोर्ट) दिसलं तर त्याच्या नादी लागू नका, टीसीपी/आयपी पोर्ट हातानेच बनवा.

आता तुमच्या घरी काय चालेल ते.

जुना डेस्कटॉप पडून असेल तर प्रिंटर त्याला यूएसबीने लावून शेअर करा. फर्मवेअर विंडोज आपोआप भरेल. स्लीप बंद ठेवा, नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ असं काहीसं असतं, ते ‘पॉवर ऑन’वर ठेवा, म्हणजे लाइन आली की कॉम्प्युटर स्वतःहून उठेल. दुसऱ्या लॅपटॉपवरून जोडताना ०एक्स०००००११बी हा एरर आला तर घाबरू नका. २०२१ मधल्या सुरक्षा अपडेट्सनंतर तो सुरू झाला. एक मशीन अपडेट आणि दुसरं मागे राहिलेलं असलं की हमखास येतो. आधी दोन्ही अपडेट करा. तरी राहिला तर लॅपटॉपवर १०२० चा ड्रायव्हर वेगळा टाका, ‘लोकल पोर्ट’ बनवा आणि पोर्टच्या नावात दोन उलट्या तिरप्या रेघा, कॉम्प्युटरचं नाव, एक रेघ, शेअरचं नाव असं लिहा. यूट्यूबवर रजिस्ट्रीत बदल करून सुरक्षा ढिली करायला सांगतात, ते आम्ही कोणाच्याही मशीनवर करत नाही.

मोबाइलवरून प्रिंट हवीच असेल तर रास्पबेरी पाय, म्हणजे एका पाटीवरचा छोटासा कॉम्प्युटर. डब्बी मोबाइलला समजेल अशी आयपीपीची (नेटवर्कवरून प्रिंट पाठवायची) भाषा बोलत नाही, म्हणून अँड्रॉइडला तुमचा प्रिंटर दिसलाच नाही. पायवर कप्स (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम) आणि अवाही (प्रिंटर नेटवर्कवर जाहीर करणारा) टाकलं की तो दिसतो. १०२० साठी ‘फू२झेडजेएस’ ड्रायव्हर आणि सोबत फर्मवेअरची फाइल घालावी लागते. नुसता ड्रायव्हर टाकून फाइल विसरली की पुन्हा तेच: जॉब जातो, कागद येत नाही. फाइल असली की प्रिंटर चालू होताच पाय ती त्याच्यात भरतो. कप्समध्ये त्या प्रिंटरची एरर पॉलिसी ‘स्टॉप प्रिंटर’ असेल तर ‘रिट्राय करंट जॉब’ करा, नाहीतर एकदा लाइन गेली की रांग थांबून राहते आणि कोणीतरी ब्राउझरमध्ये ६३१ पोर्टवर जाऊन ‘रिझ्यूम’ दाबेपर्यंत हलत नाही. पाय ३ ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा ॲडाप्टर लागतो, मोबाइलच्या जुन्या चार्जरवर तो मधेच अडकतो. पाय झीरो २ डब्ल्यू घेतला तर ओटीजी वायर (छोट्या भोकात मोठी यूएसबी लावायची) लागेल, आणि ती ‘यूएसबी’ लिहिलेल्या भोकात, ‘पॉवर’च्या नाही.

राउटर आणि पाय यूपीएसवर ठेवा. पायचं मेमरी कार्ड अचानक लाइन गेल्याने खराब होतं. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसच्या बॅटरीवर लावू नका. फ्यूझर (कागदावर पावडर पक्की करणारा गरम भाग) तापताना तो एकदम मोठा करंट ओढतो, घरगुती यूपीएस ओव्हरलोड दाखवून सगळंच बंद पाडतो.

प्रिंटर तसाही बदलायचा विचार असेल तर यातलं काहीच करू नका. मॉडेलच्या नावात शेवटी ‘एन’ किंवा ‘डब्ल्यू’ असलेला घ्या: एन म्हणजे लॅन, डब्ल्यू म्हणजे वायफाय. वायफायचा घेतला तर राउटरचं २.४ गिगाहर्ट्झ चालू ठेवा, स्वस्त प्रिंटर ५ वर जोडत नाहीत. माडीपर्यंत लॅन वायर १०० मीटरपर्यंत चालते, यूएसबीची ५ मीटरच्या पुढे नेऊ नका.

डब्बीचे पैसे रोख परत मिळणार नाहीत, पॅकिंग फोडलेलं आहे. पण बिलाची पूर्ण रक्कम पायमध्ये किंवा नव्या प्रिंटरमध्ये वळती करून देऊ, आणि पाय घेतलात तर कप्स आणि फर्मवेअर दुकानातच टाकून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत. येताना डब्बी, तिचा ॲडाप्टर आणि बिल आणा. प्रिंटरही आणावा लागेल, कारण करंट बंद-चालू करून पान निघतं की नाही हे तुमच्यासमोर पाहिल्याशिवाय आम्ही पाय हातात देणार नाही. टोनर काढून वेगळ्या पिशवीत आणा, गाडीवर हादऱ्याने पावडर सांडते.